‘१५ तास ५८ मिनिटं’: हा आकडा डेटा आहे का?

दोन विमानतळांची नावं टाकली की त्यांच्यातलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी वेबपानं तुम्ही पाहिली असतील. त्यांची नेहमीची रीत दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्कोला लावली तर उत्तर येतं: अंतर १२,३८० किलोमीटर, वेळ १५ तास ५८ मिनिटं.

आता ऑक्टोबर २०१६ मधली एक गोष्ट पाहा. एअर इंडियाने याच मार्गावरचं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेलं. त्या वेळी बातम्यांत आलेल्या आकड्यांप्रमाणे हा रस्ता सुमारे १५,३०० किमीचा होता, म्हणजे अटलांटिकवरच्या १३,९०० किमीच्या रस्त्यापेक्षा १,४०० किमी जास्त. तरीही विमान साडेचौदा तासांत पोचलं. अटलांटिकवरून लागायचा त्यापेक्षा साधारण दोन तास कमी.

म्हणजे या जोडीसाठी तीन अंतरं आहेत आणि त्यातल्या सर्वात लांब अंतराला सर्वात कमी वेळ लागला. वेबपानाकडे मात्र एकच अंतर आणि एकच वेळ आहे, तोही मिनिटापर्यंत.

सुट्टीचं नियोजन करणाऱ्याला हे पान पुरेसं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कार्बन फूटप्रिंट, पर्यटन, वाहतूक, साथीच्या रोगांचा प्रसार अशा विषयांवरच्या प्रोजेक्टमध्ये हेच आकडे ‘डेटा’ म्हणून एक्सेलमध्ये उतरतात. तिथे प्रश्न गंभीर होतो. म्हणून आज एखाद्या पेपरचं करतो तसं या छोट्याशा गणिताचं परीक्षण करूया.

अंतराचा भाग: गणित चोख, दशांश फुकटचे

पान काय करतं? दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतं, पृथ्वी हा एक गोल आहे असं धरतं आणि हॅव्हरसाइन सूत्राने गोलाच्या पृष्ठभागावरचं सर्वात जवळचं अंतर काढतं. यालाच ग्रेट सर्कल अंतर म्हणतात. मुंबई-दिल्ली करून बघा. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. दिल्ली २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरली तर उत्तर सुमारे १,१३८ किमी येतं. हे गणित तुम्ही कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांत करू शकता, आणि करावंच.

पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे. तो चपटेपणा हिशेबात घेतला तर हेच अंतर साडेतीन-चार किमीने कमी भरतं, म्हणजे फरक पाव ते अर्धा टक्का. बहुतेक कामांसाठी चालतो. त्यामुळे सूत्राला पूर्ण मार्क.

मार्क कापायचे ते दशांशांचे. काही पानं हे अंतर दोन दशांश स्थळांपर्यंत देतात, म्हणजे दहा मीटरपर्यंत. दिल्ली विमानतळाची सर्वात लांब धावपट्टी एकटीच सुमारे ४.४ किमी आहे. विमान तिच्या कुठल्या टोकाकडून उतरणार हे त्या दिवशीच्या वाऱ्यावर ठरतं. ‘विमानतळ’ हा नकाशावर बिंदू असला तरी प्रत्यक्षात तो काही किलोमीटर पसरलेला आहे. मोजायची वस्तूच जेवढी अंधुक, त्यापेक्षा बारीक आकडा देणं म्हणजे अचूकतेचा आभास. लॅबमध्ये सेंटिमीटरच्या पट्टीने मायक्रॉनचं माप लिहिलं असतं तर गाईडने वही परत केली असती.

पण त्या रेषेवरून उडतं कोण?

दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को ग्रेट सर्कल काढली तर ती हिमालय, तिबेट, सायबेरिया ओलांडत उत्तरेला ७५ अंशांच्या पलीकडे जाते. ग्लोबवर दोरा ताणून बघा, लगेच दिसेल. या रेषेवर अडचणी बऱ्याच आहेत. केबिनमधला दाब गेला तर विमानाला साधारण तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं आणि तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. शिवाय हवाई हद्द हा राजकारणाचा विषय आहे.

हा दुसरा मुद्दा किती मोठा आहे त्याची दोन उदाहरणं. २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाली. हेलसिंकी-टोकियो ग्रेट सर्कल अंतर सुमारे ७,८०० किमी. आधी हा प्रवास नऊ-दहा तासांचा होता. नंतर फिनएअरची विमानं उत्तर ध्रुवाकडून वळसा घालून जायला लागली आणि वेळ सुमारे १३ तासांवर गेला. आपल्याकडे २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला थांबावं लागलं. या दोन्ही प्रसंगांत विमानतळ जागचे हलले नाहीत आणि हॅव्हरसाइनचं उत्तर एक मीटरनेही बदललं नाही.

छोट्या मार्गांवरही फरक पडतो, फक्त कारण वेगळं असतं. टेक-ऑफनंतर ठरलेल्या मार्गाने बाहेर पडणं, उतरण्यासाठी रांगेत येणं, गर्दी असेल तर आकाशात घिरट्या घालणं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, आपल्या कार्बन कॅल्क्युलेटरच्या पद्धतीत यासाठी सरळ भर घालते: ५५० किमीपेक्षा कमी अंतराला ५० किमी, ५५० ते ५,५०० ला १०० किमी आणि त्याहून जास्त असेल तर १२५ किमी. मुंबई-दिल्लीला ही भर जवळजवळ ९ टक्के होते. मुंबई ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर सुमारे २८० किमी, तिथे १८ टक्के. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोला जेमतेम १ टक्का.

इथे थांबून विचार करा. ही चूक सगळ्या मार्गांवर सारखी पसरलेली नाही, अंतर कमी तसा तिचा वाटा वाढतो. तुमच्या प्रोजेक्टमध्ये छोट्या आणि लांब मार्गांची तुलना असेल आणि तुम्ही कच्चं ग्रेट सर्कल अंतर वापरलं असेल, तर छोट्या मार्गांवरचं उत्सर्जन पद्धतशीरपणे कमी दिसणार. सॅम्पल वाढवलं की यादृच्छिक चूक सरासरीत विरते. ही विरत नाही, कारण ती बायस आहे.

वेळेचा भाग: इथे पान नापास

बहुतेक अशा पानांवर ‘आम्ही वेळ कसा काढतो’ अशी बारीक अक्षरातली ओळ असते. तिचा सारांश साधारण असा: सरासरी वेग ताशी ८०० किमीच्या आसपास आणि टेक-ऑफ-लँडिंगसाठी वर ३० मिनिटं. मुंबई-दिल्ली: १,१३८ भागिले ८०० म्हणजे १ तास २५ मिनिटं, अधिक अर्धा तास, एकूण १ तास ५५ मिनिटं. सुरुवातीचे १५ तास ५८ मिनिटं हेही याच भागाकारातून आले आहेत.

पहिला आक्षेप व्याख्येचा. हा कुठला वेळ? विमान कंपन्या प्रत्येक उड्डाणाच्या चार वेळा नोंदवतात: पार्किंग सोडलं, चाकं जमिनीवरून उचलली, चाकं टेकली, पार्किंगला थांबलं. मधल्या दोन नोंदींतला फरक म्हणजे हवेतला वेळ. पहिली आणि शेवटची यांतला फरक म्हणजे ब्लॉक टाइम. तिकिटावर छापलेला वेळ हा तिसराच, कारण तो ब्लॉक टाइमचा आधीच केलेला अंदाज असतो. घरातून निघून हॉटेलात पोचेपर्यंतचा वेळ हा चौथा. वेबपानाचे १ तास ५५ मिनिटं यांपैकी कशाशीच जुळत नाहीत. मुंबई-दिल्लीच्या वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपास वेळ दिसतो, आणि प्रत्यक्ष हवेतला वेळ यापेक्षा बराच कमी असतो.

मग सरळ वेळापत्रकच घ्यावं का? तिथेही जपून. उड्डाण ‘वेळेवर’ की ‘उशिरा’ हे ठरवताना जगभर १५ मिनिटांचा निकष चालतो आणि तो वेळापत्रकाच्या तुलनेत लावतात. त्यामुळे छापील वेळ थोडा सैल ठेवला की तेच विमान तेवढ्याच वेळात पोचूनही ‘वेळेवर’ गणलं जातं. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम मोकळेपणाने वापरता येत नाहीत. अशा गर्दीच्या ठिकाणी वेळापत्रकात सैलपणा ठेवण्याला व्यवहारी कारणही आहे. पण संशोधक म्हणून तुम्ही लक्षात ठेवायचं की वेळापत्रक हा भौतिक राशीचा मोजलेला आकडा नसून कंपनीने घेतलेला निर्णय आहे.

वारा कुठे गेला?

दुसरा आक्षेप मोठा आहे. ८०० हा आकडा दोन्ही दिशांना तोच. मुंबई-लंडन आणि लंडन-मुंबई या दोन्हींना पान एकच वेळ देतं. प्रत्यक्षात जाताना साडेनऊ-दहा तास आणि येताना नऊच्या आसपास, हे तिकीट काढणाऱ्या कुणालाही माहीत आहे.

कारण विमानाला आपला वेग हवेच्या तुलनेत राखायचा असतो आणि हवा स्वतःच सरकत असते. मध्य अक्षांशांवर साधारण दहा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहते. ती पाठीशी असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग वाढतो, समोर असेल तर घटतो. ९ फेब्रुवारी २०२० ला ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, तेव्हा सियारा वादळामुळे ही स्ट्रीम विलक्षण जोरात होती. पानाच्या हिशेबात असा दिवस कधीच येऊ शकत नाही.

‘जाताना तोटा, येताना फायदा, सरासरीत सगळं सारखं’ असं कुणी म्हणेल. हा युक्तिवाद व्हायवात हमखास ऐकू येतो, म्हणून करून बघूया. अंतर ७,२०० किमी, हवेतला वेग ताशी ८८०, वारा ताशी ६०. जाताना ७,२०० भागिले ८२०, म्हणजे ८ तास ४७ मिनिटं. येताना ७,२०० भागिले ९४०, म्हणजे ७ तास ४० मिनिटं. बेरीज १६ तास २७ मिनिटांच्या आत-बाहेर. वारा नसता तर १४,४०० भागिले ८८०, म्हणजे १६ तास २२ मिनिटं. त्याच मार्गाने जाऊन-येऊन वारा सारखाच राहिला तर नेहमी नुकसानच होतं, कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ घालवता. पाच मिनिटं क्षुल्लक वाटतील, पण त्यांचं चिन्ह कधी बदलत नाही. पुन्हा बायस.

आता दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं कोडंही सुटतं. हवेतला वेग ताशी ८९० धरा. पॅसिफिकवरून साडेचौदा तासांत विमानाने हवेतून कापलेलं अंतर सुमारे १२,९०० किमी. अटलांटिकवरून साडेसोळा तासांत सुमारे १४,७००. जमिनीवरून लांब असलेला रस्ता हवेतून आखूड आहे. इंधन जळतं ते हवा कापायला. कार्बनचा हिशेब करणाऱ्याला म्हणूनच हे हवेतलं अंतर हवं. गंमत म्हणजे ग्रेट सर्कलचा १२,३८० हा आकडा पॅसिफिकच्या १२,९०० च्या बराच जवळ येतो. यावरून ‘पाहा, पान बरोबरच होतं’ असं म्हणू नका. वळशाने वाढलेलं अंतर आणि वाऱ्याने वाचवलेलं अंतर इथे योगायोगाने एकमेकांना खाऊन टाकतात. अटलांटिकच्या मार्गावर ते होत नाही.

बातमीलाही तीच कसोटी

पानावर टीका करायची आणि बातमी डोळे मिटून मान्य करायची, हे चालणार नाही. १५,३०० भागिले १४.५ म्हणजे ताशी १,०५५ किमी. ८९० वजा केले तर सलग साडेचौदा तास सरासरी १६५ किमीचा पाठचा वारा हवा. जेट स्ट्रीमच्या गाभ्यात वारा याहून जोरात असतो, त्यामुळे हे अशक्य नाही, पण सरासरी म्हणून खूपच चांगलं आहे. म्हणजे हा एका अनुकूल उड्डाणाचा आकडा. त्याला ‘या मार्गाला लागणारा वेळ’ म्हणणं म्हणजे एका निरीक्षणावरून नियम काढणं.

दुसरं, पूर्वेकडे जाताना ‘पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा मिळतो’ असं स्पष्टीकरण तेव्हाही फिरत होतं. शब्दशः घेतलं तर ते चूक आहे, कारण वातावरण पृथ्वीबरोबरच फिरतं. फिरण्याचा संबंध आहे तो आडवळणाने: विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातला फरक आणि पृथ्वीचं फिरणं मिळून जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. कारणाची साखळी पूर्ण लिहायची, मधली कडी गाळायची नाही.

मग चांगला आकडा कसा दिसतो?

रीडिंग विद्यापीठातले पॉल विल्यम्स यांचा २०१६ चा एन्व्हायर्नमेंटल रिसर्च लेटर्समधला पेपर नमुना म्हणून वाचा. प्रश्न नेमका: वातावरणातला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर हिवाळ्यात लंडन-न्यूयॉर्क उड्डाणांच्या वेळांचं काय होईल? हवामान मॉडेलमधले वारे घेऊन, प्रत्येक दिवसाचा सर्वात जलद मार्ग काढून त्यांनी उत्तर दिलं. पूर्वेकडचा प्रवास कमी वेळाचा, पश्चिमेकडचा जास्त वेळाचा, आणि एका फेरीमागे सरासरी १ मिनिट १८ सेकंदांची वाढ.

१ मिनिट १८ सेकंद! ‘१५ तास ५८ मिनिटं’ला मी आभासी अचूकता म्हटलं, मग हे कसं चालतं? कारण मार्ग, ऋतू, वेगाचं गृहीतक, मार्ग निवडण्याचा नियम, सगळं समोर मांडलेलं आहे आणि हा अनेक दिवसांच्या वितरणातला सरासरी फरक आहे. वितरणही दिलेलं आहे: पश्चिमेकडच्या प्रवासाला सात तासांपेक्षा जास्त लागण्याची शक्यता ८.६ टक्क्यांवरून १५.३ टक्क्यांवर जाते. विश्वास सेकंदांमुळे येत नाही. हा आकडा कुणीही पुन्हा काढू शकतं आणि कुठे मोडेल तेही सांगू शकतं, त्यामुळे येतो.

तुमच्या टेबलमध्ये काय घडतं

मागच्या वर्षी एका एमएससीच्या विद्यार्थ्याने कच्चा मसुदा वाचायला दिला होता. चाळीसेक विमानतळ-जोड्या, एका कॉलममध्ये अंतर, दुसऱ्यात वेळ, दोन्ही अशाच एका पानावरून घेतलेले. खाली रिग्रेशन आणि आर-स्क्वेअर ०.९९९. निष्कर्ष: ‘अंतर आणि प्रवासाचा वेळ यांच्यात अत्यंत घट्ट संबंध आढळला.’

स्लोप होता ०.००१२५ तास प्रति किमी. त्याचा व्यस्त घ्या: ८००. इंटरसेप्ट ०.५ तास: ३० मिनिटं. त्याला सापडलेला ‘संबंध’ म्हणजे पान बनवणाऱ्याने लिहिलेली कोडची एक ओळ होती.  मुलगा हुशार आहे, रिग्रेशनही बरोबर चालवलं होतं. फक्त दुसरा कॉलम मोजलेला नसून पहिल्या कॉलमवरून बनवलेला आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर त्याने मोजक्याच मार्गांच्या प्रत्यक्ष टेक-ऑफ आणि लँडिंगच्या नोंदी घेतल्या. आर-स्क्वेअर खाली आला आणि प्रोजेक्ट वर गेला, कारण रेषेपासून दूर पडलेल्या बिंदूंमध्ये वारा, गर्दी आणि वळसे दिसायला लागले. अभ्यास करायचा होता तो त्यांचाच.

तेव्हा अशी कुठलीही संख्या वापरण्याआधी वहीत एवढं लिहून काढा:

१. हा आकडा मोजलेला आहे की दुसऱ्या आकड्यावरून काढलेला?
२. अंतर कुठलं: ग्रेट सर्कल, प्रत्यक्ष उडालेलं, की हवेतून कापलेलं?
३. वेळ कुठला: हवेतला, ब्लॉक, की छापील?
४. दिशा उलटी केली तर आकडा बदलायला हवा का? बदलतो का?
५. चूक दोन्ही बाजूंना पडते की एकाच बाजूला?

पेपरच्या ‘पद्धती’ विभागात यासाठी दोन वाक्यं पुरतात. उदाहरणार्थ: ‘अंतरं ग्रेट सर्कल असून त्यांत आयकाओप्रमाणे भर घातली आहे. वेळ म्हणजे टेक-ऑफ ते लँडिंग, दोन्ही दिशा स्वतंत्र धरल्या आहेत.’ ही वाक्यं लिहिता येत नसतील, तर तो कॉलम अजून टेबलमध्ये ठेवू नका.